माकड, मगर आणि जांभूळ: एकाच गोष्टीतून वाचन, शब्द आणि व्याकरण कसं शिकवता येतं?

जून २०२४ च्या अखेरीस चिपळूणचा एक व्हीडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. भर पावसात, रात्रीच्या वेळी रस्त्यावरून एक मोठी मगर आरामात चाललीय आणि गाडीवाले जागच्या जागी थांबलेत. ज्यांना चिपळूण माहीत आहे त्यांना फारसं नवल वाटलं नाही. वाशिष्ठी नदीत मगरी आहेत, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक असतं.

हीच वाशिष्ठी पुढे दाभोळची खाडी होते आणि समुद्राला मिळते. मुखाच्या उत्तरेला दापोली तालुक्यातलं दाभोळ, दक्षिणेला गुहागर तालुक्यातलं अंजनवेल. अंजनवेल म्हटलं की लोकांना गोपाळगड आठवतो, टाळकेश्वरचं दीपगृह आठवतं, नाहीतर एन्रॉनचा वीज प्रकल्प. पण इथल्या पहिली-दुसरीतल्या मुलांच्या आजूबाजूला आणखी काही गोष्टी रोजच्या आहेत: पाणी, पलीकडचा काठ, जांभळाची झाडं आणि कौलांवर उड्या मारणारी माकडं.

एका जुन्या गोष्टीला एवढंच लागतं.

माकड आणि मगरीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती पंचतंत्रातली. आणि मूल वाचायला शिकत असताना ही एकटी गोष्ट किती कामं करू शकते, हे जरा बारकाईने पाहण्यासारखं आहे.

आधी प्रश्न किती मोठा आहे ते पाहू

प्रथम संस्थेचा 'असर' अहवाल ग्रामीण भारतातली मुलं घरी जाऊन तपासतो. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या २०२४ च्या अहवालानुसार, सरकारी शाळेत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०१८ मध्ये हा आकडा २०.९ टक्के होता. कोरोनानंतर २०२२ मध्ये तो १६.३ टक्क्यांवर घसरला होता. म्हणजे सुधारणा आहे, पण तिसरीच्या वर्गातल्या चार मुलांपैकी तिघांना अजूनही दुसरीचा धडा वाचता येत नाही. हे आकडे देशाचे आहेत, एकट्या कोकणाचे नाहीत.

चौथीपासून गणित, परिसर अभ्यास, सगळं वाचूनच शिकायचं असतं. ज्याला वाचता येत नाही तो वर्गात बसलेला असतो, पण शिक्षणाबाहेर गेलेला असतो. म्हणूनच केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि हे २०२६-२७ पर्यंत साधावं, असं त्याचं उद्दिष्ट.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. प्रत्येक मुलाला सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण मिळावं म्हणून १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडणारे गोपाळ कृष्ण गोखले याच गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. त्यांचं विधेयक १९१२ मध्ये फेटाळलं गेलं. शिक्षण हक्क कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावं लागलं. मूल शाळेत येणं आणि मुलाला वाचता येणं, यातलं अंतर मात्र कायद्याने भरत नाही.

वाचता येणं म्हणजे नेमकं काय?

१९८६ मध्ये फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोन संशोधकांनी एक साधं सूत्र मांडलं. समजून वाचणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. दोन्हीपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य.

आपल्याकडे बहुतेक वेळा पहिल्याच भागावर जोर असतो. आधी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग काना-मात्रा नसलेले शब्द. मूल महिनोन्‌महिने कमळ, बदक, गवत करत बसतं. काना-मात्रा टाळून बनवलेली वाक्यं इतकी विचित्र असतात की घरात तसं कुणीच बोलत नाही. मुलाला वाटतं, वाचन म्हणजे आवाज काढायचा खेळ, त्याला अर्थ नसतो.

दुसरं टोकही आहे. गोष्ट सांगायची, चित्रं दाखवायची, गाणी म्हणायची आणि अक्षरं आपोआप येतील म्हणून वाट पाहायची. काहींना येतात. बऱ्याच जणांना येत नाहीत.

फलटणला प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी, आणि पालघर जिल्ह्यातल्या सोनाळ्याच्या 'क्वेस्ट' या संस्थेने मराठी वाचन शिकवण्यावर बराच काळ काम केलं आहे. सगळी वर्णमाला संपायची वाट न पाहता थोडी अक्षरं शिकवून लगेच त्यांचे अर्थपूर्ण शब्द करायचे, आणि सोबत गोष्टी, गप्पा, वाचून दाखवणं चालू ठेवायचं, हा या कामाचा साधारण रोख. ओळखीची गोष्ट इथेच उपयोगी पडते, कारण अर्थ मुलाकडे आधीच असतो. उरतं ते फक्त अक्षरांचं काम.

गोष्ट थोडक्यात

समुद्रकाठी जांभळाच्या झाडावर एक माकड राहत असतं. पाण्यातून मगर येते, माकड तिला जांभळं देतं, दोस्ती जमते. मगर काही जांभळं घरी नेते. घरच्या जोडीदाराला वाटतं, रोज इतकी गोड फळं खाणाऱ्याचं काळीज किती गोड असेल! ते आणून दे, असा हट्ट सुरू होतो. मगर माकडाला जेवायला बोलावते, पाठीवर बसवते आणि भर पाण्यात गेल्यावर खरं सांगून टाकते. माकड म्हणतं, आधी सांगायचंस ना! काळीज तर मी झाडाच्या ढोलीत ठेवून आलो. मगर माघारी वळते, आणि काठ येताच माकड उडी मारून झाडावर.

पंचतंत्रातल्या 'लब्धप्रणाश' या चौथ्या तंत्राची ही मूळ कथा. तिथे माकडाचं नाव रक्तमुख आणि मगरीचं करालमुख. रक्तमुख म्हणजे लाल तोंडाचा. कोकणातला शेतकरी लालसर तोंडाचं ते माकड आणि काळ्या तोंडाचा तो वानर असा फरक अगदी सहज करतो. तेव्हा ही गोष्ट 'वानर आणि मगर' अशी छापली, तर नावाप्रमाणे ती चूकच! दोघंही बागेची सारखीच नासधूस करतात, हा भाग वेगळा. ज्या घरात माकडांनी आंब्या-नारळाचं नुकसान केलंय, तिथल्या मुलाला या गोष्टीत माकडाची बाजू लगेच पटेलच असं नाही. वर्गात यावर चांगली चर्चा होऊ शकते.

पाठ सुरू होतो तो पुस्तकाशिवाय

समजा अंजनवेलसारख्या गावातला दुसरीचा वर्ग आहे. काही मुलं घरी संगमेश्वरी ढंगाची मराठी बोलतात, काही खारव्यांची बोली, काही कोकणी मुसलमानांची बोली. पहिल्या दिवशी पुस्तक उघडायचंच नाही. गोष्ट तोंडी सांगायची, आणि मुलांच्या बोलीत सांगता आली तर फारच उत्तम. कुणी माकडाला 'वांदर' म्हटलं तर दुरुस्त करायची घाई नको. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिता येतात. घरचा शब्द चुकीचा नसतो, तो शब्द नंबर एक असतो. पुस्तकातला नंबर दोन.

मग खेळ. जमिनीवर खडूने दोन रेघा मारल्या की मधे खाडी झाली. एक मूल मगर, एक माकड, बाकीची जांभळाचं झाड. 'झाडावर', 'झाडाखाली', 'पाठीवर', 'पाण्यातून', 'काठापलीकडे' हे शब्द सांगून समजावण्यापेक्षा तिथे उभं राहून कळतात. शब्दयोगी अव्यय हे नाव पाचवी-सहावीत कळलं तरी चालेल.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. मुलांनी गोष्ट परत सांगायची आणि शिक्षकांनी ती मुलांच्याच वाक्यांत मोठ्या कागदावर लिहायची. कागदावर असं काहीतरी उतरेल:

नदीकाठी जांभळाचं झाड होतं. झाडावर माकड राहायचं. पाण्यात मगर राहायची. माकड जांभळं खायचं. मगर वर बघायची.

पाचच वाक्यं. पण ती मुलांनी स्वतः सांगितलेली आहेत, त्यामुळे बोट फिरवत वाचताना पुढचा शब्द काय असणार याचा अंदाज मुलांना असतो. दोन-तीन वेळा सगळ्यांनी मिळून वाचायचं, मग एकेकट्याने, मग वाक्यांच्या पट्ट्या कापून त्यांचा क्रम लावायचा, मग पट्टीतले शब्द कापायचे. पाठांतर करून 'वाचणारं' मूल शब्द सुटा झाला की अडतं, आणि नेमकं कुठे अडतं हे शिक्षकांना दिसतं.

तीन अक्षरांची मगर

'मगर' हा शब्द नवशिक्या वाचकासाठी बनवल्यासारखा आहे. म, ग, र. ना काना, ना मात्रा. पण तो वाचताना शेवटचा अ आपण उच्चारत नाही. आणि 'मगरीला' म्हणताना तर मधला ग सुद्धा अर्धा होतो, ऐकू येतं 'मग्रीला'. अक्षर सुटं सुटं लावणारं मूल म-ग-री-ला म्हणतं आणि त्याला तो शब्द ओळखूच येत नाही. गोष्ट माहीत असेल तर ते क्षणभर थांबतं आणि म्हणतं, अरे, मगरीला! ही स्वतःहून केलेली दुरुस्ती म्हणजे वाचन सुरू झाल्याची खूण.

'जांभूळ' त्याहून मजेशीर. त्यातला ज 'जाळं' मधल्या ज सारखा, पण 'जीव वाचला' मधला ज 'जीभ' सारखा. लिहायचं एकच अक्षर, उच्चार दोन. मराठी बोलणाऱ्याला हे नकळत येतं. पण ज्याच्या घरी दुसरी भाषा आहे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. गोष्टीतच याचं भारी उदाहरण सापडतं: 'काळजाला' आणि 'काळजीला'. लिहिताना फरक एका वेलांटीचा, बोलताना ज सुद्धा बदलतो.

अनुस्वाराचंही तसंच. 'जांभूळ' मध्ये तो म् सारखा ऐकू येतो, 'तोंड' मध्ये ण् सारखा, 'रंग' मध्ये आणखी वेगळा. आणि 'जांभळं' च्या शेवटी तर नाकात काही जातच नाही, नुसता अ लांबतो. पुस्तकात हाच शब्द 'जांभळे' असा छापलेला असतो. घरी कुणी 'जांभळे खाल्ली' म्हणत नाही. हा बोलण्या-लिहिण्यातला फरक पहिल्याच महिन्यात उघडपणे सांगितला, तर मूल पुढे पुस्तकी मराठीला बिचकत नाही.

मगर म्हणाली की मगर म्हणाला?

आता व्याकरण. आणि इथे ही गोष्ट खरी रंगात येते.

संस्कृतमधला मकर पुल्लिंगी. त्याला बायको आहे आणि काळजाचा हट्ट तिचा. मराठीत मात्र 'ती मगर'. मग 'मगर आणि तिची बायको' म्हणायचं का? म्हणून मराठीत सांगणारे वेगवेगळ्या वाटा काढतात. कुणी 'मगरमामा' करून टाकतो, मग 'मामा म्हणाला' बिनदिक्कत चालतं. कुणी 'मगर म्हणाला' असंच रेटतो. आणि सगळा दोष बायकोच्या माथी मारणं आजच्या वर्गात खटकतंच, त्यामुळे वर सारांशात केलंय तसं 'घरचा जोडीदार' करूनही भागतं.

व्याकरणातलं लिंग आणि प्राण्याचं लिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना यातून छान कळतं. मगर, खार, पाल, घार या 'ती'. कोल्हा, ससा, उंदीर 'तो'. माकड, हरीण, कासव 'ते'. पाल नर असली तरी ती 'ती'च. वर मुलांनी सांगितलेल्या वाक्यांत पाहा: माकड राहायचं, मगर राहायची. हे कुणी शिकवलं नव्हतं. मुलाला व्याकरण आधीच येतं, शिक्षकांनी फक्त ते त्याला दाखवायचं असतं.

आणखी गंमत म्हणजे सांगणारा म्हणतो 'माकड म्हणालं', पण माकड स्वतः बोलतं तेव्हा म्हणतं 'मी विसरलो'. 'मी विसरलं' असं कुठलंच माकड म्हणत नाही! असं का, हा प्रश्न चौथीच्या वर्गात टाकून बघण्यासारखा आहे.

जांभूळ, काळीज आणि बेडूक

'जांभूळ' ला 'चं' लावलं की 'जांभूळचं' होत नाही, 'जांभळाचं' होतं. मधला ऊ जातो, अ येतो. 'काळीज' चं 'काळजाला', इथे ई गेली. लाकूड-लाकडाला, माणूस-माणसाला, हरीण-हरणाला. तीन अक्षरी शब्दाच्या मधल्या अक्षरातला ई किंवा ऊ सामान्यरूपात अ होतो, असा हा नियम. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये लेखनाचे १४ नियम केले आणि १९७२ मध्ये त्यात भर पडून ते १८ झाले. त्या यादीत हाही आहे. पण नियम आधी सांगितला तर तो पाठ होतो आणि विसरला जातो. गोष्टीतून चार-पाच जोड्या गोळा करून मुलांनाच विचारलं, 'काय बदललं?', तर ती स्वतः सांगतात. मग कुणीतरी हुशार पोर 'जमीन' पुढे करतं, जी 'जमनीला' न होता 'जमिनीला' होते. ते उत्तमच. अपवाद शोधणाऱ्याला नियम कळलेला असतो.

केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चं. दामल्यांचं घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडचं. त्या जाडजूड ग्रंथात क्रियापदाच्या ज्या 'अर्थां'ची चर्चा आहे, ते चारही अर्थ या छोट्या गोष्टीत भेटतात.

'मगर झाडाखाली आली' हा स्वार्थ, म्हणजे जे झालं ते सांगणं. 'चल, पाठीवर बस' हा आज्ञार्थ. 'मित्राने मित्राला फसवू नये' हा विध्यर्थ. आणि 'तू आधी सांगितलं असतंस, तर मी काळीज घेऊन आलो असतो' हा संकेतार्थ.

हे शेवटचं वाक्य नीट पाहा. माकडाकडे ताकद नाही, पोहता येत नाही, पळायला जागा नाही. त्याचा जीव वाचतो तो एका संकेतार्थी वाक्यावर. जे घडलंच नाही ते घडलं असतं तर, अशी कल्पना भाषेत करता येते म्हणून मगर फसते. संकेतार्थ कशासाठी असतो, हे यापेक्षा चांगलं कुठलं पुस्तक सांगेल? यानंतर मुलांना 'तर' ची वाक्यं करायला सांगितली की ती थांबत नाहीत. मगरीला शंका आली असती तर? माकडाला पोहता येत असतं तर?

शब्दांचा प्रवास

'काळीज' हा शब्द वर्गात नुसता 'हृदय' म्हणून संपवू नये. काळजात धस्स होणं, काळजाचा ठोका चुकणं, काळजाचा तुकडा हे घरात ऐकलेलं असतं. मटणाच्या दुकानात 'कलेजी' मिळते, ती मात्र यकृत असते. शरीराच्या आतला जपून ठेवायचा भाग नेमका कोणता, यावर ही गोष्टही ठाम नाही. कोरियात हीच कथा ससा आणि कासवाची आहे आणि तिथे सशाचं यकृत हवं असतं. जपानमध्ये माकडाचं यकृत. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्वाहिली भाषेत मगरीच्या जागी शार्क येतो. अरबी 'कलीला व दिम्ना' मध्ये कासव.

पालीतल्या जातककथांमध्ये ही गोष्ट 'सुंसुमार जातक' म्हणून येते. संस्कृत शिशुमार, पाली सुंसुमार, मराठी सुसर. शब्दही गोष्टीसारखाच वाहत आला.

मराठीत शिकवण्यासाठी प्राणिकथा वापरणं हे काही आजचं खूळ नाही. तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात १८०६ मध्ये इसापच्या कथांचं मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' छापलं गेलं. मुंबईत १८२२ मध्ये 'पंचोपाख्यान' आलं, १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती. छापील मराठीच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत कोल्हे, कावळे आणि माकडं आहेत. मूळ पंचतंत्राची चौकटही शाळेचीच: राजा अमरशक्तीची तीन मुलं अभ्यासात मठ्ठ, आणि विष्णुशर्मा त्यांना सहा महिन्यांत शहाणं करायची पैज घेतो. साधन काय, तर गोष्टी.

घरी करायचं असेल तर?

पैसे लागत नाहीत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं आणि 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' वर मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या सापडतात. पण सुरुवात आजीच्या तोंडच्या गोष्टीने झाली तरी पुरतं. मुलाने सांगितलेली चार वाक्यं वहीवर लिहा, रात्री त्यालाच वाचायला द्या. चुकीचं वाचलं तर लगेच तोडू नका, वाक्य संपू द्या आणि विचारा, 'असं म्हणतो का आपण?' गोष्ट संपल्यावर 'तात्पर्य काय?' हा प्रश्न मात्र टाळा. त्याऐवजी विचारा, मगरीने घरी जाऊन काय सांगितलं असेल?

पंचतंत्रात तर गोष्ट झाडावरच्या उडीपाशी संपतही नाही. मगर खाली थांबून पुन्हा एकदा माकडाला बोलावू पाहते. ते खाली उतरत नाही. उलट तिला दुसरी गोष्ट ऐकवतं, गंगदत्त नावाच्या बेडकाची. आणि 'बेडूक' ला 'ची' लावली की काय होतं, हे आता दुसरीतलं मूल सांगेल.